बादलीतली शेती : पेडणे-डिचोलीत काय चालतं, काय चालत नाही

स्थानिक प्रतिनिधी, बांदा

‘हायड्रोपोनिक’ हा शब्द आपल्या भागात शेतीच्या मासिकातून आला नाही. तो पोलिसांच्या प्रेसनोटमधून आला. त्यामुळे पत्रादेवीच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, कुणी घरामागे चार बादल्या मांडून त्यात पाइप सोडला की शेजारी पहिला प्रश्न विचारतो तो मिरचीबद्दल नसतो. दुसरीकडे, हरमल-मांद्रे-मोरजी पट्ट्यात खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांना वेगळीच काळजी. भाडेकरू खिडक्या झाकून आत काय करतो हे त्यांना कळत नाही, आणि कळेपर्यंत उशीर होतो.

या दोन्ही बाजूंच्या लोकांना उपयोगी पडेल अशी माहिती एका जागी मिळत नाही, म्हणून हा लेख. पहिल्या भागात बादलीची पद्धत आपल्या हवेत कशी बदलून घ्यावी लागते ते आहे, भाजीपाल्यासाठी. दुसऱ्या भागात गांजाच्या झाडाबद्दल कायदा नेमकं काय सांगतो ते आहे. ज्यांना बादलीत गांजा लावण्याची कृती हवी आहे त्यांनी इथेच थांबावं, ती इथे मिळणार नाही.

शब्द नवा, पद्धत जुनी

मातीशिवाय, पाण्यात विरघळवलेल्या क्षारांवर झाड वाढतं हे जर्मनीतल्या संशोधकांनी १८६०च्या दशकात दाखवून दिलं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिक यांनी १९३७ साली त्याला हायड्रोपोनिक्स हे नाव दिलं. भारतात ही पद्धत आली ती फार उशिरा नाही. १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी बंगालमध्ये कालिम्पोंगला प्रयोग सुरू केले आणि १९५१ मध्ये त्यांचं ‘बंगाल पद्धती’वरचं पुस्तक निघालं. त्यांचा भर होता तो महागडी यंत्रं टाळून हाताशी असलेल्या वस्तूंतून काम भागवण्यावर. आज यूट्यूब बघून पन्नास हजारांचा किट मागवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

बादलीच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत बादलीत खतपाणी भरलेलं असतं, झाकणातल्या जाळीच्या कुंडीत रोप बसवतात, मुळं खाली पाण्यात लोंबतात आणि माशांच्या टाकीला लावतात तसला हवेचा छोटा पंप सतत बुडबुडे सोडतो. दुसरीला डच बादली म्हणतात. तिच्यात बादली काथ्याच्या भुशाने किंवा तशाच कुठल्या तरी माध्यमाने भरतात, वरून ठिबकने खतपाणी देतात आणि जास्तीचं पाणी तळाजवळच्या भोकातून बाहेर जातं. पालेभाजीपेक्षा मोठ्या, वेलाच्या किंवा फळभाजीच्या झाडांना बादली लागते. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, वांगं वगैरे.

आपल्या हवेत यातली कुठली घ्यावी? माझं मत स्पष्ट आहे : दुसरी. कारण पुढे येतंच.

पाणी तापतं, मुळं गुदमरतात

किटसोबत येणारी बहुतेक माहितीपत्रकं थंड देशांतली असतात. खतपाणी १८ ते २२ अंशांवर ठेवा, असं त्यांत लिहिलेलं असतं. डिचोलीत एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या काळ्या बादलीत हात घालून बघा. ३० अंशांच्या खाली पाणी मिळणं कठीण.

याचा हिशेब साधा आहे. पाण्यात प्राणवायू किती विरघळतो हे तापमानावर ठरतं. २० अंशांना एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास, तर ३० अंशांना साडेसात. म्हणजे मुळांना मिळणारा प्राणवायू घटतो, आणि त्याच वेळी गरम पाण्यात मुळांची स्वतःची गरज वाढते. उत्पन्न घटलं आणि खर्च वाढला की दुकानाचं जे होतं तेच झाडाचं. मुळं आधी तपकिरी होतात, मग बुळबुळीत, आणि त्यांना कुजका वास येतो. पिथियम नावाची मूळकुज या अशक्त मुळांवरच बसते. वरून झाड भर दुपारी माना टाकतं, माणूस समजतो पाणी कमी पडलं, आणि आणखी पाणी ओततो.

म्हणून पहिला बदल बादलीचा रंग. बाहेरून पांढरा रंग द्यायचा, पण त्याआधी काळा हात मारायचा. नुसता पांढरा रंग दिला तर उजेड आत जातो, आत शेवाळ धरतं आणि ते शेवाळ खतही खातं, रात्री प्राणवायूही ओढतं. काळ्यावर पांढरा, असे दोन हात. बादली निवडताना तिच्या बुडाचा त्रिकोणातला आकडा बघा : २ किंवा ५ असेल तर चालेल. रंगाच्या रिकाम्या बादल्या स्वस्त मिळतात, पण ऑइल पेंटच्या घेऊ नका. डिस्टेंपरच्या घेतल्या तर आतून खरवडून, आठवडाभर पाणी बदलत धुवा.

दुसरा बदल टाकीचा. खतपाण्याची मुख्य टाकी उन्हात स्टँडवर ठेवण्यापेक्षा जमिनीत पुरावी. चिऱ्याचा खड्डा, त्यात टाकी, वरून झाकण आणि त्यावर माडाच्या झावळ्या. जमिनीखालचं पाणी हवेपेक्षा काही अंश थंड राहतं, आणि त्याला विजेचा एक पैसा लागत नाही. फक्त पावसाळ्यात रिकामी टाकी जमिनीतून वर उचलली जाते हे ध्यानात ठेवा. मिरग सुरू झाला की ती भरलेली ठेवावी.

तिसरा मुद्दा विजेचा, आणि याच कारणाने मी डच बादलीच्या बाजूने आहे. नुसत्या पाण्याच्या बादलीत पंप बंद पडला तर उन्हाळ्यात काही तासांत मुळांना त्रास सुरू होतो. आपल्याकडे वळवाच्या पहिल्या सरीला एखादी फांदी तारेवर पडली की वीज कधी येईल ते सांगता येत नाही. भुशाने भरलेल्या बादलीत ओलावा असतो आणि हवाही असते, ती एखादा दिवस सहज काढते. तरीही ज्यांना पाण्याचीच बादली करायची आहे त्यांनी हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा किंवा नळीत उलट न फिरणारा व्हॉल्व्ह बसवावा. नाहीतर वीज गेल्यावर बादलीतलं पाणी नळीतून उलट येऊन पंपात शिरतं.

डच बादलीचे बदल

भोक बादलीच्या अगदी तळाला पाडू नका, तळापासून साधारण ५ सेंटिमीटर वर पाडा. तेवढं पाणी तळाशी कायम शिल्लक राहतं, वीज गेल्यावर तीच शिदोरी. भोकात पीव्हीसीचा कोपरा बसवताना त्याचं आतलं तोंड खाली करा, म्हणजे भुसा वाहून जात नाही. सगळ्या बादल्यांचं पाणी ज्या निचरा पाइपमध्ये पडतं तो दोन इंची घ्या आणि दर मीटरला एक सेंटिमीटर तरी उतार द्या. उतार नसलेला पाइप म्हणजे डासांचा पाळणा. डेंग्यूच्या हंगामात आरोग्य कर्मचारी दारात आला तर त्याची चूक नाही. टाकीचं झाकण, बादलीचं झाकण, पाइपचं टोक, सगळं जाळीने बंद हवं.

प्रत्येक बादलीत ठिबकच्या दोन तोट्या द्या, एक नाही. एक तुंबली तर दुसरी झाड जगवते. तोटीचा खर्च काही रुपयांचा, मेलेल्या झाडाचा खर्च तीन महिन्यांचा.

माध्यम म्हणून काथ्याचा भुसा आपल्याकडे सगळ्यात सोपा. सोडणं आपल्या परसात पडलेली असतात. पण किनाऱ्याकडच्या सोडणात मीठ असतं, आणि सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर जास्तच. भुसा गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवायचा, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पातळ पाण्यात रात्रभर भिजवून पुन्हा धुवायचा. भुशाला चिकटलेलं सोडियम त्यामुळे सुटतं. हे न केल्यास पहिले दोन आठवडे भुसाच झाडाचं कॅल्शियम खाऊन टाकतो. तळाला दोन बोटं धुतलेली काळी खडी घाला. चिऱ्याची खडी नको, ती झिजते, माती सोडते आणि तोट्या तुंबवते.

आता सगळ्यात वादाचा प्रश्न : निचऱ्याचं पाणी परत टाकीत आणायचं की नाही? किट विकणारे सांगतात आणा, ९० टक्के पाणी वाचतं. पाणी वाचतं हे खरं आहे. पण वीस बादल्या एकाच टाकीला जोडल्या आणि एका बादलीत मूळकुज लागली की ती बाकीच्या एकोणीस बादल्यांत पोचायला वेळ लागत नाही. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिली दोन पिकं तरी निचरा परत न आणता काढावीत. ते पाणी केळींना, माडांना सोडा. त्यात खत असतंच, वाया जात नाही.

खत : इथे सगळे फसतात

कृषी केंद्रात विद्राव्य खत मागितलं की पहिली पिशवी मिळते ती १९:१९:१९ ची. मातीत ती उत्तम. बादलीत नाही. तिच्यातला नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो, आणि युरियाचं झाडाला घेता येईल अशा नत्रात रूपांतर करणारे जिवाणू मातीत असतात, स्वच्छ पाण्यात जवळपास नसतात. शिवाय तिच्यात कॅल्शियम नाही. टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो बहुतेक वेळा कॅल्शियमचा तुटवडा असतो. लोक त्यावर बुरशीनाशक मारत बसतात.

पाण्यातल्या शेतीला नायट्रेट रूपातला नत्र लागतो. कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, मोनो पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण, एवढ्यात काम होतं. अट एकच. कॅल्शियम नायट्रेटचं घट्ट द्रावण वेगळ्या डब्यात ठेवायचं, सल्फेट आणि फॉस्फेट दुसऱ्या डब्यात. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र ओतली की तळाला पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट, थोडक्यात तुमचे पैसे. भरपूर पाण्यात एकामागून एक, ढवळत घातली तर काही होत नाही.

मोजायच्या गोष्टी दोन. पाण्याचा आम्लपणा, म्हणजे पीएच, ५.५ ते ६.५ मध्ये. आणि क्षारांचं प्रमाण, म्हणजे ईसी. काकडीला साधारण १.७ ते २.५, मिरचीला २ च्या आसपास, टोमॅटोला फळं धरल्यावर २ ते ३.५. आपल्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा हलकं आणि किंचित आंबट असतं, ते या कामाला चांगलं. पण मोरजी, हरमल, केरीच्या किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये खाऱ्या होऊ शकतात. खत घालण्याआधीच मीटरने १ च्या वर आकडा दाखवला तर त्या पाण्यावर काकडी करू नका. पावसाचं पाणी साठवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागात कौलावरून पडणारं पाणी सोडून टँकर मागवणं हे काही शहाणपणाचं नाही.

कडक उन्हात झाड पाणी जास्त आणि क्षार कमी घेतं, त्यामुळे टाकीतला ईसी आपोआप चढतो. अशा वेळी नुसतं पाणी वाढवा, खत नको. उन्हाळ्यात ईसी थोडा खालीच ठेवलेला बरा. ‘जास्त खत, जास्त फळ’ ही समजूत बादलीत तीन दिवसांत पानांच्या कडा जळून उघडी पडते.

परवडतं का?

बी.कॉम. झाल्यामुळे म्हणा, मला हा प्रश्न आधी पडतो. साधा टोमॅटो बादलीत काढून विकायचा विचार असेल तर तो सोडून द्या. गोव्याची रोजची भाजी बेळगावहून चोर्ला घाटाने येते, आणि गोवा राज्य फलोत्पादन महामंडळ ती आपल्या गाड्यांवर सवलतीच्या दराने विकतं. त्या भावाशी तुमच्या बादलीची स्पर्धा होणार नाही.

समजा, एका बादलीला रोपापासून पाइपपर्यंत ५०० रुपये लागले. १०० बादल्यांना ५० हजार. सामान तीन वर्षं टिकलं आणि वर्षाला दोन पिकं घेतली तर एका पिकावर एका बादलीला सुमारे ८३ रुपये सामानाचे. त्यात खत, वीज, रोप आणि तुमचा रोजचा तास-दीड तास धरा. बादलीमागे २०० रुपये खर्च आणि चार किलो माल आला तर किलोला ५० रुपये तिथेच झाले. हे आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा करा. पण चित्र बदलत नाही : ज्या मालाला ५० च्या बरेच वर दर आहे तोच बादलीत घ्यायचा.

असा माल आहे. नोव्हेंबर ते मार्च मांद्रे-मोरजी-आश्वे पट्ट्यातल्या हॉटेलांना चेरी टोमॅटो, बेझिल, सॅलडची पानं, रंगीत ढोबळी मिरची लागते आणि त्यांना ती त्याच दिवशी तोडलेली हवी असते. २०२३च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून धारगळ बाजूलाही खाणावळी वाढल्या. चतुर्थीच्या आधी, पावसाने मळे झोडपलेले असताना, प्लास्टिकच्या छपराखालची तवशी चांगला भाव घेऊ शकते. डिचोलीत २०१२ आणि पुन्हा २०१८ ला खाणी बंद झाल्यावर ट्रक उभे राहिले, आणि ज्यांच्या जमिनीवर खाणीची माती वाहून आली त्यांना मातीशिवायची शेती हा निदान विचार करण्यासारखा पर्याय आहे. खाणीच्या पगाराची जागा मात्र शंभर बादल्या घेणार नाहीत. असं सांगणारा कुणी भेटला तर तो किट विकत असणार.

हरमल मिरचीबद्दल एक सूचना. तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिचा मान तिथल्या जमिनीचा आहे. बादलीत वाढवलेली मिरची त्या नावाने विकू नये. गिऱ्हाईकही फसतं आणि हरमलच्या शेतकऱ्याचाही घात होतो.

आता दुसरी बादली

गांजा गोव्याला नवा नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं, त्यात भांगेवर स्वतंत्र प्रकरण आहे. नंतर हिप्पी आले, हणजूण झालं, मग वस्ती उत्तरेला हरमलपर्यंत सरकली. पण घरात, दिव्यांखाली, पाण्यावर झाडं वाढवणं हा प्रकार अलीकडचा. २०२३च्या एप्रिलमध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, म्हणजे एनसीबीने, हरमलमध्ये छापे घालून परदेशी नागरिकांना पकडलं. जप्त मालात सुमारे १.४४ किलो हायड्रोपोनिक गांजा होता आणि तो राहत्या घरात वाढवल्याचा एनसीबीचा दावा होता. २०२५च्या मार्चमध्ये बार्देशातल्या गिरी इथे गोवा पोलिसांनी ११.६७ किलो हायड्रोपोनिक गांजा पकडला. किंमत सांगितली ११ कोटींवर. थायलंडने २०२२च्या जूनमध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढल्यापासून तिकडून विमानाने येणारा माल देशभरातल्या विमानतळांवर सापडू लागला. २०२५ मध्ये थायलंडने नियम पुन्हा आवळले.

किलोला एक कोटी हा आकडा ऐकून पोरांचे डोळे फिरतात. तेव्हा कायद्याचा आकडाही ऐकावा.

अमली पदार्थांचा कायदा १९८५चा, एनडीपीएस म्हणून ओळखला जाणारा. त्याच्या कलम ८ नुसार गांजाचं झाड लावायलाच बंदी आहे. शिक्षा कलम २०(अ) मध्ये : दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. इथे झाडांची किमान संख्या दिलेली नाही. एक झाडही लागवडच. ‘एक किलोपर्यंत काही होत नाही’ असं जे बोललं जातं ते दोनदा चुकीचं आहे. एक किलो ही जवळ बाळगण्याची ‘अल्प मात्रा’ आहे आणि तिलाही एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि लागवडीला ही मात्रा लागूच नाही. २० किलोच्या वर ‘व्यापारी मात्रा’, त्याला किमान दहा वर्षं, कमाल वीस, आणि जामीन अतिशय कठीण. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत.

यात एक गंमत आहे, ती वकिलांना माहीत असते. कायदा वजन बघतो, किंमत नाही. शेतात वाढलेल्या गांजाचा आणि दिव्याखाली वाढलेल्या गांजाचा तराजू एकच. त्यामुळे ११ कोटींचा म्हणून सांगितलेला माल वजनाने व्यापारी मात्रेच्या खाली राहतो. कायदा झाला तेव्हा किलोला कोटी असा माल कुणाच्या डोळ्यासमोर नव्हता. हे बरं की वाईट ते संसदेने बघावं. आपण एवढंच लक्षात ठेवावं की लागवडीच्या कलमात वजनाची सवलत नाही.

भांगेचं काय, असं विचारणारे असतात. कायद्यातली गांजाची व्याख्या फुलोऱ्याची आहे, नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत, हे खरं. पण पानं यायला झाड लागतं, आणि बिनपरवाना झाड लावणं हाच गुन्हा.

गोव्यात परवानगी आहे का?

नाही. २०२० च्या अखेरीला यावर बराच गाजावाजा झाला होता. जम्मूच्या भारतीय एकात्मिक औषध संस्थेकडून औषधी उपयोगासाठी लागवडीचा प्रस्ताव आला होता आणि गोव्याच्या कायदा खात्याने तो तपासून पुढे पाठवल्याचं तेव्हाचे कायदामंत्री नीलेश काब्राल यांनी सांगितलं. विरोधकांनी रान उठवलं. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी सरकारने मान्यता दिलेली नाही असं स्पष्ट केलं. तिथे विषय थांबला. पण समाजमाध्यमांवर त्या बातमीचं पहिलं अर्धंच अजून फिरतंय, आणि ‘गोव्यात कायदेशीर झालंय’ असं सांगणारे एजंट भेटतात.

उत्तराखंडने २०१८ पासून औद्योगिक वापराच्या भांगेला परवाने दिले, त्यात नशेच्या घटकाची मर्यादा ०.३ टक्के. तो परवाना त्या राज्यापुरता. तिथला कागद दाखवून डिचोलीत किंवा दोडामार्गात कुणी जागा मागत असेल तर कागदाला अर्थ नाही. भांगेच्या बिया आणि त्यांचं तेल खाद्य म्हणून विकायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मान्यता दिली, तीही फक्त बियांपुरती. पेरण्यासाठी नव्हे.

घरमालकांसाठी

हा भाग पेडण्यातल्या लोकांनी नीट वाचावा. कलम २५ सांगतं की घर, खोली, आवार किंवा वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून ते अशा गुन्ह्यासाठी वापरू दिलं तर त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा आहे, पण दुप्पट भाडं रोखीत घेतलं, करार नाही, पोलिसांत नोंद नाही आणि सहा महिने आत पाऊल टाकलं नाही, अशा माणसाला ‘मला माहीत नव्हतं’ हे पटवून द्यायला कोर्टात वर्षं जातात. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीवर अशी झाडं आढळली तर ताबडतोब कळवणं जमीनधारकावर बंधनकारक आहे. कलम ४७ तीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावच्या अधिकाऱ्यांवर टाकतं. ग्रामसभेत हे कलम कधी वाचून दाखवलेलं मी तरी ऐकलं नाही.

काय बघायचं? वीज बिल सगळ्यात बोलकं. ६०० वॅटचा एक दिवा रोज १२ तास चालला तर महिन्याला २१६ युनिट होतात. असे चार दिवे म्हणजे साडेआठशेच्या वर, शिवाय आतली उष्णता काढायला एसी. दोन माणसं राहतात त्या खोलीचं बिल अचानक तिप्पट-चौपट झालं तर विचारायचा हक्क तुम्हाला आहे. याउलट वीस वॅटचा पाण्याचा पंप चोवीस तास चालवला तरी महिन्याला १५ युनिटच्या आत राहतो. म्हणजे परसात उघड्यावर, उन्हात बादल्या मांडून बसलेल्या माणसाचं बिल वाढत नाही, आणि त्याच्या बादल्या कुणालाही दिसतात. संशय घ्यायचा तर बंद खिडकीवर घ्या, बादलीवर नको.

खिडक्यांना आतून चकाकता कागद लावलेला, रात्रंदिवस पंख्यांचा आवाज, उग्र वास दाबायला अगरबत्त्या, आणि मीटर रीडिंगवाल्यालाही आत न येऊ देणं, ही चार लक्षणं एकत्र दिसली तर स्वतः दार फोडायला जाऊ नका. पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. ती पोच हाच तुमचा बचाव. भाडेकरूचा अर्ज पोलिसांत भरलेला असू द्या, आणि परदेशी माणूस असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन गेली पाहिजे. करारात दर महिन्याला आधी कळवून पाहणी करण्याचं कलम घाला. खरा भाडेकरू त्याला सहसा हरकत घेत नाही.

जे खरोखर भाजीसाठी बादल्या मांडणार आहेत त्यांनीही दोन कागद करून ठेवावेत : खत आणि बियाण्याची बिलं, आणि पंचायतीला एक साधं पत्र, कुठलं पीक, किती बादल्या, कुठे. कायद्याने हे सक्तीचं नाही, पण शेजाऱ्याची शंका त्यातच मिटते.

तांत्रिक सल्ल्यासाठी पेडणे आणि डिचोली इथली विभागीय कृषी कार्यालयं आहेत. संरक्षित शेतीच्या सध्याच्या अनुदानाचे नियमही तिथेच विचारावेत, दलालाकडे नव्हे. पाणी आणि माध्यमाच्या तपासणीबद्दल जुन्या गोव्यातल्या एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत आणि तिथल्याच कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करता येते. सिंधुदुर्गातल्यांना किर्लोसचं कृषी विज्ञान केंद्र जवळ. जाताना विहिरीचं एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत भरून न्या. बाटली पेट्रोलची किंवा फेणीची नको.